स्कर्टिंग स्वतः बसवायचंय? आधी भिंतीचा गुण्या तपासा

बिल्डरच्या फ्लॅटमध्ये जी फरशी असते, तिच्याच पट्ट्या कापून गवंडी भिंतीच्या तळाला तीन-चार इंचांची स्कर्टिंग लावून देतो. ती कुठे कशी जोडली आहे हे आपण कधी वाकून बघतही नाही. स्कर्टिंगची आठवण येते ती बेडरूममध्ये लॅमिनेट फ्लोअरिंग टाकून घेतल्यावर. फ्लोअरिंगवाला चारही बाजूंनी भिंतीपासून ८ ते १० मिलिमीटर जागा मोकळी सोडतो. तो कामचुकारपणा नसतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत लॅमिनेट फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि ही फट नसेल तर फुगलेली जमीन मधोमध वर उचलते. ती फट झाकणं हे स्कर्टिंगचं पहिलं काम. पोछ्याचे आणि झाडूचे डाग भिंतीवर चढू न देणं हे दुसरं.

सुताराला बोलावलं तर एका खोलीचं काम तो दोन-तीन तासांत उरकतो, पण एवढ्याशा कामाला सुतार मिळणं हीच आजकाल अडचण असते. काम तसं अवघड नाही. ज्याला टेप धरता येतो आणि सरळ करवत ओढता येते, त्याने जरूर हात घालावा. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की करा: घरातला एकही कोपरा ९० अंशांचा, म्हणजे गुण्यात, नसतो. पुस्तकी ४५चा कट मारून पट्ट्या भिंतीला नेऊन लावल्या की कोपऱ्यात फट दिसते आणि मग लोक पुट्टी भरत बसतात. कापण्याआधी भिंत नीट तपासली तर पुट्टीची डबी जवळपास बंदच राहते.

पट्टी कोणती घ्यावी

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात: एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली फळी), पीव्हीसी किंवा त्याच जातीची पॉलिमरची पट्टी, आणि अस्सल लाकूड. एमडीएफ कापायला सोपं, रंगवायला छान, पण पाण्याचं वैरी. त्याच्या कापलेल्या टोकाला पाणी लागलं की ते पावासारखं फुगतं आणि पुन्हा कधी बसत नाही. ज्या घरात रोज ओल्या फडक्याने लादी पुसली जाते, तिथे आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत मी पीव्हीसीच सुचवेन. दिसायला थोडी प्लॅस्टिकसारखी वाटते, हे खरं. बाथरूमच्या दारालगतच्या भिंतीला तर दुसरा विचारच नको.

नवख्याने सपाट तोंडाची, वरच्या कडेला नुसती किंचित गोलाई असलेली पट्टी घ्यावी. नक्षीदार, लाटालाटांची पट्टी दुकानात सुंदर दिसते, पण कोपऱ्यात ती नक्षी नक्षीला जुळवताना घाम फुटतो. जाडी १२ ते १५ मिलिमीटर असली म्हणजे फ्लोअरिंगची फट आरामात झाकली जाते. एमडीएफ किंवा लाकूड आणलं असेल तर ते दोन दिवस त्याच खोलीत आडवं ठेवा, खोलीच्या हवेशी त्याचं जुळू द्या, मग कापा.

जुन्या फरशीवरच लॅमिनेट टाकलं असेल आणि जुनी टाइलची स्कर्टिंग भिंतीवर तशीच असेल, तर ती प्लास्टरच्या पातळीत आहे की बाहेर आलेली आहे ते हाताने चाचपून बघा. पातळीत असेल तर नवी पट्टी थेट तिच्यावर चिकटवता येते. बाहेर आलेली असेल तर नवी पट्टी आणखी बाहेर येईल आणि वर धूळ साचायला दोन पायऱ्या तयार होतील. अशा वेळी मोठ्या स्कर्टिंगचा हट्ट सोडून द्यावा. टाइलच्या पायथ्याशी बारीक गोल बीडिंग मारली की फट झाकली जाते.

लागणारं सामान

मेजर टेप, गुण्या (काटकोन बघायची पट्टी), टोकदार पेन्सिल, मास्किंग टेप, मायटर बॉक्स (ठरावीक कोनात कापायला खाचा असलेली पेटी) आणि त्यात बसणारी ताठ पाठीची बारीक दातांची करवत, कानस, पॉलिश पेपर, ड्रिल मशीन, ६ मिलिमीटरचं काँक्रीटचं बिट, गिट्ट्या (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात ठोकायचे प्लग) आणि स्क्रू, नाहीतर भिंतीला चिकटवायचा बांधकामाचा ग्लू. घरात मायटर सॉ, म्हणजे कोनात कापणारी विजेची करवत, असेल किंवा भाड्याने मिळत असेल तर उत्तमच, पण एका खोलीसाठी ती विकत घेऊ नका. पीव्हीसीला साधी हॅक्सॉसुद्धा चालते. एमडीएफ कापायचं असेल तर नाकाला मास्क हवाच. ती धूळ फार बारीक असते, म्हणून कापाकापी बाल्कनीत करा.

खोली तपासणं

प्रत्येक कोपऱ्यात एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसरीवर ४ फुटांवर. दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा गुण्यात आहे. पाचापेक्षा जास्त आलं तर कोपरा उघडा आहे, कमी आलं तर मिटलेला. खुणा जमिनीलगत करा. छातीच्या उंचीवर गुण्यात असलेली भिंत तळाशी गुण्यात असेलच असं नाही, कारण प्लास्टरचा शेवटचा थर खाली बहुधा हात आखडता घेऊन मारलेला असतो.

दोन अंशांच्या फरकाने काय बिघडतं? हिशेब करून बघा. पट्टी १५ मिलिमीटर जाडीची, कोपरा ९२ अंशांचा आणि दोन्ही पट्ट्यांना ४५चा कट. दोन्ही टोकं कोपऱ्यात मागे नीट भिडतात, पण पुढे, म्हणजे नेमकी नजर जाते तिथे, पाऊण मिलिमीटरची फट उघडते. पांढऱ्या पट्टीवर ती काळ्या रेघेसारखी दिसते.

यानंतर एक सरळ पट्टी जमिनीलगत भिंतीच्या लांबीला लावून बघा. मधे पोट आलं असेल तर दोन्ही टोकं भिंतीपासून सुटतील, खड्डा असेल तर मधे उजेड दिसेल. पीव्हीसी वाकते आणि भिंतीबरोबर जाते. एमडीएफ थोडंफार जातं. फार मोठं पोट असेल तर तेवढाच प्लास्टर घासून काढणं सोपं.

माप घेताना

सुताराची भाषा सुताची: एका इंचात ८ सूत. म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडं मोठं. कपाटं करायला हे माप झकास आहे, पण स्कर्टिंगच्या कोपऱ्यात अर्ध्या सुताची फटसुद्धा लांबून दिसते. त्यामुळे या कामापुरतं मिलिमीटरमध्येच बोला आणि मधेच इंचांत जाऊ नका. दोघं मिळून काम करत असाल तर हे आधीच ठरवून घ्या.

टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक थोडा हलतो. टेप खराब झाला असं समजून तो ठोकून घट्ट करणारे लोक असतात. हूक मुद्दाम तसा ठेवलेला असतो आणि तो स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो, म्हणजे वस्तूला अडकवून ओढलं किंवा भिंतीला टेकवून दाबलं तरी माप सारखंच येतं. तो घट्ट केलात तर दोनांपैकी एक माप कायमचं चुकणार.

दोन भिंतींमधलं माप घेताना टेप समोरच्या कोपऱ्यात वाकवून अंदाजाने आकडा वाचू नका. डाव्या कोपऱ्यापासून बरोबर १००० मिलिमीटरवर मास्किंग टेपच्या तुकड्यावर रेघ मारा. मग उजव्या कोपऱ्यापासून त्या रेघेपर्यंत मोजा आणि दोन्हींची बेरीज करा. वाकलेला टेप मधे येतच नाही. माप जमिनीलगत एकदा आणि पट्टीच्या उंचीवर एकदा, असं दोनदा घ्या. दोन्हींत फरक असेल तर भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नाही आणि पट्टीचं टोकही तेवढंच तिरकं कापावं लागेल.

कागदावर खोलीचा साधा नकाशा काढा, दारापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने भिंतींना क्रमांक द्या आणि प्रत्येक भिंतीपुढे माप, डावं टोक कसं, उजवं टोक कसं, हे लिहा: सरळ, आतला ४५, बाहेरचा ४५. पट्टी कापली की तिच्या पाठीवर तोच क्रमांक टाका.

एवढं सांगून झाल्यावर माझं मत असं की जिथे जमेल तिथे टेप वापरूच नये. पट्टी जागेवर धरून तिच्यावरच पेन्सिलने खूण करणं हे कुठल्याही आकड्यापेक्षा बिनचूक. कॉलमच्या कोपऱ्यांना आणि दाराच्या चौकटीला तर नेहमी असंच करा.

किती पट्ट्या आणाव्यात

समजा खोली १० बाय १२ फूट. चारही भिंती मिळून ४४ फूट, दाराचे ३ फूट वजा केले की ४१. पट्टी बहुतेक ८ फुटी मिळते. भागाकार करून पाचाच्या थोडं वर उत्तर येतं, म्हणजे ६ पट्ट्या. आणताना ७ आणा. दोन १२ फुटी भिंतींसाठी ८ अधिक ४, पुन्हा ८ अधिक ४ असा विचार करून एका पट्टीतून ४-४ फुटांचे दोन तुकडे काढायला गेलात तर दुसरा तुकडा आखूड पडेल, कारण करवतीचं पातं स्वतःच्या जाडीएवढं साहित्य खातं आणि तिरक्या सांध्यात पट्टीच्या जाडीएवढी लांबी जाते. वर ती सातवी पट्टी एखाद्या चुकलेल्या कटाला उपयोगी पडतेच.

बिछाना आणि कपाट कुठे येणार हे आधी ठरवा. सांधे आणि छोटे तुकडे त्यांच्यामागे गेले पाहिजेत. दारातून आत आल्यावर समोर दिसणाऱ्या भिंतीला सांधा येऊच देऊ नये, आणि टाळता येत नसेल तर निदान मधोमध नको.

कापणं

सुरुवात नमुन्यांनी करा. सातव्या पट्टीतून सहा-सहा इंचांचे चार तुकडे कापा: आतल्या कोपऱ्याचा डावा, आतल्याचा उजवा, बाहेरच्या कोपऱ्याचा डावा, बाहेरच्याचा उजवा. त्यांच्यावर नावं लिहा. नवख्याच्या हातून सर्वाधिक नासाडी होते ती कट उलट्या बाजूने मारल्यामुळे. हे तुकडे कापण्याआधी पट्टीशेजारी धरले की गोंधळ राहत नाही.

मायटर बॉक्समध्ये पट्टी भिंतीला जशी उभी राहणार तशीच ठेवायची. खालची कड खाली, पाठ बॉक्सच्या पलीकडच्या भिंतीला, तोंड तुमच्याकडे. आपल्या साध्या करवतीचे दात ढकलताना कापतात, त्यामुळे जो काही चुरा किंवा टवका उडेल तो पाठीला उडतो. तोंडाला लाकडी छापाची फिल्म असेल तर कटाच्या रेघेवर मास्किंग टेप लावा आणि टेपवरूनच कापा. करवत नेहमी रेघेच्या फेकायच्या बाजूला चालवा. पेन्सिलची रेघ अर्धी शिल्लक राहिली पाहिजे. पहिले चार-सहा फटके हलक्या हाताने मारा. पातं एकदा रुळलं की मग जोर लावा.

*आतला कोपरा.* सपाट पट्टी असेल तर इथे ४५चा कट मारायचीच गरज नाही. पहिली पट्टी सरळ कापून थेट भिंतीला टेकवा, आणि दुसरी सरळ कापून पहिलीच्या तोंडाला भिडवा. कोपरा उघडा असेल तर दुसऱ्या पट्टीच्या टोकाची पाठीमागची कड कानशीने किंचित खा, म्हणजे पुढची कड घट्ट बसते. वरच्या गोलाईपाशी राहिलेला बारीक त्रिकोण पुट्टीच्या एका बोटात भरतो. पट्टी नक्षीची असेल तर दुसरी पट्टी आधी ४५मध्ये कापा. कटाच्या कडेला नक्षीचं चित्र स्पष्ट उमटतं. त्या कडेवरून कमानीतल्या बारीक पात्याच्या करवतीने, पातं थोडं मागे कलतं ठेवून, मागचं साहित्य काढून टाका. मग ते टोक पहिल्या पट्टीच्या नक्षीवर चपखल बसतं. वेळखाऊ आहे, पण पुढे हवा बदलून पट्टी आकसली तरी हा सांधा उघडत नाही.

*बाहेरचा कोपरा.* आपल्या इमारतींमध्ये खोलीच्या भिंतीतून आरसीसीचा कॉलम बाहेर आलेला असतोच, त्यामुळे यातून सुटका नाही. इथे ४५चा कट लागतो आणि हिशेबही थोडा फिरतो. भिंतीवर मोजलेली लांबी ही पट्टीच्या पाठीची लांबी, आणि तोंड त्याहून मोठं. कॉलमचं तोंड ३०० मिलिमीटर आणि पट्टी १५ मिलिमीटरची असेल, तर पाठ ३०० आणि तोंड ३३०, प्रत्येक टोकाला जाडीएवढी वाढ. कॉलमची बाजू भिंतीपासून १०० मिलिमीटर बाहेर आलेली असेल आणि मागच्या भिंतीची पट्टी आधीच लावलेली असेल, तर बाजूच्या तुकड्याची पाठ ८५ आणि तोंड १००. एवढा छोटा तुकडा हातात धरून मशीनवर कधीही कापू नका. लांब पट्टीच्या टोकाला आधी ४५ मारा, मग मागून सरळ कापून तुकडा सोडवा.

आता तो कोपरा खरोखर किती अंशांचा आहे? कोन मोजायचं यंत्र नको. कोपऱ्याजवळ जमिनीवर मास्किंग टेप लावा. पट्टीचा उरलेला तुकडा एका भिंतीला टेकवून तिच्या तोंडाच्या बाजूने टेपवर रेघ ओढा. तोच तुकडा दुसऱ्या भिंतीला टेकवून दुसरी रेघ ओढा. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू आणि भिंतीचा कोपरा जोडला की मिळालेली तिरकी रेघ हाच तुमचा कट. पट्टी भिंतीला टेकवून ठेवा, तिच्या खालच्या कडेवर दोन्ही बिंदूंची खूण करा आणि गुण्याने ती वर न्या. ही युक्ती आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कोपऱ्यांना चालते. मायटर बॉक्सच्या ठरावीक खाचेत ४५च बसतो, त्यामुळे अंश-दोन अंशांचा फरक कानशीने पाठीकडून घासून काढा.

मायटर सॉ वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: मशीनवरचा शून्य म्हणजे सरळ कट. कोपऱ्याचा कोन १८० मधून वजा करून निम्मा केला की मशीनवर लावायचा आकडा मिळतो. ९२च्या कोपऱ्याला ४४, ८८च्याला ४६. पुष्कळजण ९२चे निम्मे ४६ लावतात आणि फट दुप्पट करून घेतात. पातं पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलू नका आणि डोळ्यांना चष्मा लावा.

*लांब भिंतीचा सांधा.* दोन पट्ट्या सरळ कापून टोकाला टोक लावलं की पुढच्या उन्हाळ्यात उभी चीर दिसणार. दोन्ही टोकं एकाच दिशेने ४५मध्ये कापा म्हणजे एक दुसरीवर चढते. चढणारी कड दाराकडून येणाऱ्या नजरेच्या उलट बाजूला ठेवली की सांधा सहसा लक्षात येत नाही. एमडीएफ असेल तर सांध्याला फेव्हिकॉल लावा.

*दाराची चौकट.* इथे सरळ कट पुरतो. पट्टी चौकटीपेक्षा बाहेर येत असेल तर तिच्या टोकाची पुढची कड रंध्याने उतरती करा, नाहीतर पायाची करंगळी रोज आपटेल.

दोन भिंतींच्या मधे बसणारी पट्टी मापापेक्षा एखादा मिलिमीटर लांब कापावी आणि मधून हलकेच बाक देऊन बसवावी, म्हणजे ती दोन्ही टोकांना दाबून बसते. तीन मिलिमीटर लांब ठेवून हातोडीने ठोकलीत तर प्लास्टरचा पापुद्रा निघालाच म्हणून समजा.

बसवण्याआधी

सगळ्या पट्ट्या नुसत्या जागेवर उभ्या करून खोलीभर फिरून बघा. खाली जमिनीला उंचसखलपणा असेल तर पट्टीखाली उजेड दिसेल. सर्वांत मोठी फट असेल तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा घ्या, त्यावर पेन्सिल आडवी ठेवा आणि ठोकळा जमिनीवर सरकवत पट्टीवर रेघ ओढत जा. जमिनीचा चढउतार जसाच्या तसा पट्टीवर उमटतो. रेघेपर्यंत रंधा मारला की पट्टी बसली. एक-दोन मिलिमीटरसाठी मात्र हा खटाटोप करू नका.

एमडीएफची कापलेली टोकं आणि खालची कड प्रायमरने बंद करा. बसवल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.

बसवणं

पट्टी भिंतीला धरायची, जमिनीला कधीच नाही. लॅमिनेटला हलायला मोकळीक हवी. पट्टी त्याला चिकटवली तर फट सोडण्याचा उपयोग शून्य.

भिंत सरळ असेल तर ग्लू पुरतो. पाठीवर नागमोडी ओळ ओढा, पण वरच्या कडेपासून एक बोट खालीच, नाहीतर दाबल्यावर तो वरून बाहेर येतो. भिंतीला ऑइल पेंट असेल तर तेवढा पट्टा पॉलिश पेपरने खरवडून घ्या. साधा फेव्हिकॉल रंगवलेल्या भिंतीवर धरत नाही, त्याच्या नादी लागू नका. पोट आलेल्या भिंतीला किंवा जड एमडीएफला दीड-दोन फुटांवर स्क्रू हवेत. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंतीत साधा खिळा वाकतो आणि प्लास्टर फोडतो, म्हणून ड्रिल, गिट्टी आणि स्क्रू. स्क्रूचं डोकं आत बुडेल इतका खड्डा पट्टीला आधी करून घ्या.

ड्रिल लावण्यापूर्वी भिंतीकडे नीट बघा. स्विचबोर्डाच्या आणि प्लगच्या सरळ खालून वायरचे पाइप जमिनीकडे गेलेले असू शकतात, आणि बाथरूम किंवा स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीत पाण्याच्या लाइन्स असतात. अशा ठिकाणी नुसता ग्लू लावा, वरून मास्किंग टेपच्या पट्ट्यांनी रात्रभर धरून ठेवा.

क्रम असा ठेवा: दारासमोरची लांब भिंत आधी, मग तिला भिडणाऱ्या बाजूच्या भिंती, शेवटी दाराची भिंत. म्हणजे दारातून बघताना सांध्याच्या कडा नजरेला समोरून येत नाहीत. कॉलमचे तीन तुकडे मात्र एकत्र जुळवून, टोकांना ग्लू लावून एकाच वेळी बसवा. एक पक्का करून दुसरा जुळवायला गेलात तर तिसरा हमखास अडतो.

शेवटचा हात

पट्टीची वरची कड आणि भिंत यांच्यामधली केसभर फट अक्रिलिक सीलंटने भरा. बारीक धार सोडून ओल्या बोटाने एकदाच ओढायची, परत परत नाही. इथे सिलिकॉन वापरू नका, त्यावर रंग धरत नाही. सिलिकॉनची जागा खाली, तीही फरशी टाइलची असेल आणि पाणी आत जायची भीती असेल तरच. स्क्रूचे खड्डे पुट्टीने भरा, वाळल्यावर बारीक पेपर मारा. भिंतीला रंग द्यायचा असेल तर पहिला हात स्कर्टिंगच्या आधी आणि शेवटचा नंतर.

ग्लू आणि सीलंट वाळेपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, खोलीत पोछा मारू नका आणि पलंग भिंतीला टेकवू नका. उरलेला दोन-तीन फुटांचा तुकडा टाकून न देता माळ्यावर ठेवा. तीच छटा पुढच्या वर्षी दुकानात मिळेलच याचा भरवसा नसतो.